हुश्नानांची परात

ज्या माणसाला घरचं मांजरसुद्धा भीत नव्हतं, त्यालाच मच्छीमार सोसायटीनं पाणकावळे हाकायला ठेवलं. खरं तर तिथंच सगळ्यांनी ओळखायला हवं होतं.

नाना तसे तळ्यावरचेच. अर्धा जन्म होडीत गेला. हात जाळ्यात, पाय पाण्यात आणि तोंड बंद. मुके नव्हते ते, पण आवाज चढवणं काही त्यांना जमलं नाही. दोन मुली झाल्या. मुली अभ्यास टाकून धक्क्यावर हुंदडायला लागल्या की अक्का, म्हणजे नानांची बायको, म्हणायची, अहो, जरा ओरडा की त्यांच्यावर. नाना मुलींसमोर जाऊन उभे राहायचे, छाती भरून श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, "हं." मुली फिदीफिदी हसत सुटायच्या. मग नानाही हसायचे, आणि ओरडायचं काम शेवटी अक्कालाच करावं लागायचं. मांजर तर नानांच्या ताटाला टेकून बसायचं. नाना त्याला हुश् म्हणाले की ते आणखी जवळ सरकायचं, कारण हुश् झाल्यावर माशाचा तुकडा पडतो हे त्याला पाठ झालं होतं. हे मांजराचं लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

नानांचा उजवा गुडघा गेला तेव्हा त्यांची होडी सुटली. डोलत्या होडीत पाय टाकायचा म्हणजे गुडघ्यात जीव हवा. तो राहिला नाही. नाना घरी बसले, आणि पाण्यावरचा माणूस घरात बसला की काय होतं ते बायकांना वेगळं सांगायला नको. ते डब्यांची झाकणं उघडून आत काय आहे ते बघायचे. केर कोपऱ्यातून काढावा की दारातून, यावर मत द्यायचे. एकदा त्यांनी अक्काचे मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावून ठेवले. अक्काचा धाकटा भाऊ मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी होता. ती तशीच ओल्या हातानं त्याच्याकडे गेली आणि म्हणाली, "ह्यांना काहीतरी काम दे. नाहीतर मला दे, म्हणजे मी तरी घराबाहेर पडते."

त्याच सुमारास तळ्यावर पाणकावळ्यांचा सुळसुळाट झाला होता. पूर्वी चार-दोन दिसायचे, कुणाला त्यांचं काही वाटायचं नाही. मग एका वर्षी आले ते पाव्हण्यासारखे आले आणि भाडेकऱ्यासारखे राहिले. तळ्यातल्या बेटावरच्या झाडांवर त्यांनी घरटी केली. त्यांच्या विष्ठेनं झाडं चुना फासल्यासारखी पांढरी झाली आणि उभ्या उभ्या वाळली. ह्या पक्ष्याचं काम म्हणजे बुडी मारायची, मासा धरायचा, गिळायचा आणि मग खांबावर बसून पंख पसरून वाळत घालायचे, जसं काही दिवसभर कष्टाचं धुणं धुतलंय. मोकळ्या पाण्यातले मासे खाल्ले असते तर एकवेळ चाललं असतं. पण जाळं वर यायला लागलं, मासे एका जागी कोंडले, की ह्यांची पंगत बसायची. चोचीनं जाळी फाटायची, आणि जे मासे हाती लागायचे त्यांतले निम्मे टोचलेले. टोचलेला मासा गिऱ्हाईक बोटानं बाजूला सारतं.

मत्स्यखात्याचे साहेब येऊन गेले. सोसायटीच्या खोलीत पंख्याखाली बसून त्यांनी नीट समजावलं. म्हणाले, विणीच्या दिवसांत आम्ही घरट्यांतल्या अंड्यांना तेल लावू, म्हणजे ती उबणार नाहीत आणि संख्या हळूहळू कमी होईल. तोवर तुम्ही हाकत राहा. पण एक लक्षात ठेवा, हा पक्षी हुशार आहे, रोज एकच गोष्ट केलीत तर सरावतो. आवाज बदला, जागा बदला, वेळ बदला. सगळ्यांनी माना डोलावल्या. चहा झाला, साहेबांची जीप गेली, आणि साहेबांचं बोलणंही तिच्या मागून धुळीत गेलं.

सेक्रेटरीनं मात्र एका दगडात दोन पक्षी मारले. बहिणीची कटकट मिटवली आणि तळ्याला राखण्याही मिळाला. धक्क्याच्या टोकाला एक खुर्ची ठेवली, तिच्या पाठीवर रंगानं लिहिलं, 'पक्षी निवारक'. नाना पहिल्या दिवशी त्या खुर्चीवर बसले नाहीत, नुसते तिच्या शेजारी उभे राहिले. दुसऱ्या दिवशी फडक्यानं पुसली आणि मग टेकले. घरी अक्काला म्हणाले, खुर्ची बरी आहे. नानांच्या तोंडून एवढं आलं म्हणजे समजायचं की माणूस हरखून गेलाय.

पक्षी दिसला की नाना उठून हात हलवायचे आणि म्हणायचे, "हुश्." पक्षी मान वाकडी करून बघायचा, हा कुणाशी बोलतोय म्हणून. चार दिवसांत अख्खा धक्का त्यांना हुश्नाना म्हणायला लागला. मग त्यांनी बुजगावणं केलं. आपला जुना रेनकोट आणि टोपी बांबूवर चढवली, दोन हात आडवे पसरवले. पाणकावळ्यांची सोयच झाली. आयत्या बिळावर नागोबा तसे ते बुजगावण्याच्या हातांवर ओळीनं बसले आणि पंख वाळवायला लागले. त्यातला एक नेमका टोपीवर बसायचा. काळा कुळकुळीत, नाक वाकडं, मान ताठ आणि चेहऱ्यावर अशी नापसंती, की नानांना पहिल्याच दिवशी आपले सासरे आठवले. नानांनी त्याला सासरेबुवाच म्हणायला सुरुवात केली. अक्काच्या कानावर गेलं तेव्हा ती म्हणाली, माझ्या बापाला नावं ठेवायचं काम नाही. दुसऱ्या दिवशी तिनं लांबून तो पक्षी पाहिला, आणि त्यानंतर ती त्या विषयावर काही बोलली नाही.

शेवटी नानांनी घरातून पितळी परात आणली. अक्काच्या लग्नातली, एका बाजूला पोचा आलेली. उलथन्यानं वाजवली की आवाज तळ्याच्या पल्याडपर्यंत जायचा. सेक्रेटरी म्हणाला, "भाऊजी, परात झकास आहे. पण उगाच पहाटेपासून बडवू नका, लोक झोपलेले असतात. जाळी उचलायला लागले की वाजवा. गरज तेव्हाच असते."

नानांनी ते बरोब्बर पाळलं. होड्या जाळ्यांपाशी पोचल्या, पहिल्या होडीवाल्यानं दोर हातात घेतला, की नाना उठायचे आणि वाजवायचे: टण्, टण-टण, टण्. पहिल्या दिवशी सगळं बेट हवेत उडालं. आकाश काळं झालं. होडीवाल्यांनी होडीतून हात वर करून नानांना दाद दिली, आणि नाना त्या दिवशी घरी चालत गेले ते गुडघा नसल्यासारखे.

पुढं मात्र दाद आटत गेली आणि मासळीही. उन्हाळा निम्मा सरेपर्यंत जाळी इतकी हलकी यायला लागली की धक्क्यावरच्या पेट्यांत माशांपेक्षा बर्फ जास्त. टोचलेले मासे वाढले. नाना आणखी जोरात वाजवायला लागले. हाताला घट्टे पडले, परातीला आणखी दोन पोचे आले. जितकी परात जोरात तितके पक्षी जास्त, आणि जितके पक्षी जास्त तितकी परात जोरात.

होडीवाले कुरकुरायला लागले. सेक्रेटरीवर दडपण आलं. त्यानं सोसायटीची सभा बोलावली, आणि आदल्या संध्याकाळी बहिणीच्या घरी येऊन, पायातले बूट न काढता उंबऱ्यातच उभं राहून सांगितलं, की बंदुकवाल्याला बोलवायचं ठरतंय. त्याच्याकडे परवाना आहे, तो बेटावर दोन-तीन दिवस मुक्काम करून मोकळं करून देईल. सभेनं हात वर केले की झालं. आणि मग राखण्याची गरज उरणार नाही. "भाऊजी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमच्याकडून प्रयत्नांत कसूर झाली असं कुणीच म्हणत नाही."

नाना म्हणाले, "हं."

तो गेला. अक्का ताटं वाढत होती, तिनं तिरक्या नजरेनं पाहिलं. नाना मसाल्याच्या डब्यांकडे बघत होते. उद्यापासून परत ते डबे, तो केर, ते चार कोपरे. आणि शिवाय तो बंदुकवाला. टोपीवर बसणाऱ्याला काय कळणार बंदूक म्हणजे काय? तो बसेल आपला पंख पसरून, छातीच पुढं करून. नानांनी ताट बाजूला सारलं. सासऱ्यांशी त्यांचं कधी पटलं नव्हतं, पण म्हणून कुणी त्यांना गोळी घालावी असं त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं.

सभेच्या दिवशी सकाळी अक्काला धक्क्यावर निवडायला कामच नव्हतं. नाना कामाला लागले तसं तिलाही शेडमध्ये मासे निवडायचं काम मिळालं होतं; एरवी धक्क्याच्या टोकापर्यंत यायला तिला सवड नसायची, आणि शेडच्या गोंगाटात परातीचा नुसता गलका कानी यायचा. त्या दिवशी रिकाम्या पेट्या बघून तिनं हात पुसले आणि येऊन नानांच्या खुर्चीशेजारी उलट्या पेटीवर बसली. शेवटचाच दिवस आहे तर माणसाला सोबत करावी, एवढाच तिचा विचार.

होड्या अजून जाळ्यांपाशी पोचल्या नव्हत्या. पाणकावळे बेटावर पेंगत होते. एकही पाण्यात नव्हता. सासरेबुवा टोपीवर डोळे मिटून बसले होते. मग पहिल्या होडीवाल्यानं दोर धरला, नाना उठले आणि वाजवली परात. टण्, टण-टण, टण्.

अक्का बसल्या जागेवरून उठून उभी राहिली. आपण का उठलो ते तिलाच कळेना. पोटात भूक चाळवली होती. आणि समोर पाहते तो सगळं बेट उठलं होतं, पण घाबरून चारी दिशांना पांगलं नव्हतं. सगळे एका रेषेत, घाई न करता, आपापली जागा ठरलेली असावी तसे जाळ्यांकडे निघाले होते. सासरेबुवांनी डोळे उघडले, अंग झटकलं आणि सावकाश सगळ्यांच्या मागून निघाले. वडीलधारी माणसं पंगतीला निघतात तसे.

"अहो, थांबा," अक्का म्हणाली. "ही हाक कुठली आहे?"

नाना म्हणाले, कसली हाक, परात आहे.

"तेच म्हणते मी. ही माझी जेवायची हाक आहे."

मग नानांनी हातातल्या परातीकडे पाहिलं. मागच्या दारात उभं राहून अक्का सगळा संसारभर हीच परात वाजवत आली होती. हे तळ्यावर, मुली धक्क्यावर, कुणाकुणाला हाका मारणार? टण्, टण-टण, टण् झालं की सगळ्यांनी घरी यायचं, ताटं वाढलेली असायची. नानांच्या हाताला दुसरा ठेका ठाऊकच नव्हता. ऐन जाळी वर येताना, ऐन मासे कोंडलेले असताना, ते रोज बेटाला सांगत होते, चला, पानं वाढलीत.

"होड्या यायला लागल्या की ते बघत असतील," नाना म्हणाले. त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास नव्हता.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला? दुपारी वाजवून बघा."

दुपारी तळ्यावर एकही होडी नव्हती. नानांनी धक्क्याच्या टोकाला उभं राहून परात वाजवली. अगदी हळू वाजवली, न वाजली तर बरं अशी. बेट उठलं. सगळे पाणकावळे धक्क्यासमोर येऊन पाण्यात उतरले, इकडेतिकडे पोहले, आणि मग माना उंच करून नानांकडे बघत राहिले. काही वाढलेलं नाही आणि वाढणाराही नुसता उभा आहे, हे कसलं घर, असा त्यांचा चेहरा होता. नाना अभावितपणे म्हणाले, "हुश्." त्यावर ते सगळे आणखी जवळ सरकले.

नाना खुर्चीत बसले. त्यांना ते जुनं मांजर आठवलं.

अक्काला आधी हसू आलं, पण तिनं ते पदरात दाबलं. मग तिनं व्यवहाराचं सांगितलं. म्हणाली, सभेत काही बोलू नका. एवढ्या उन्हाळ्याची मासळी गेली ती तुमच्या परातीपायी हे कळलं तर लोक काय म्हणतील? बंदुकवाला येईल, पक्षी जातील, खुर्ची जाईल, पण नाव तरी राहील. झाकली मूठ सव्वा लाखाची. नानांनी ऐकून घेतलं. त्यांनी परात उलटी करून तिच्यावरचे पोचे अंगठ्यानं चाचपले. मग सभेला निघताना त्यांनी परात काखेत घेतली, तेव्हा अक्काही चपला घालून मागोमाग निघाली.

सोसायटीची खोली भरली होती. सेक्रेटरीनं बंदुकवाल्याची माहिती दिली. कुणाला काही बोलायचं असेल तर बोला, नाहीतर हात वर करा, म्हणाला. लोक हात वर करायच्या बेतात होते, तेवढ्यात मागून परात जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला. नाना उभे होते. भरल्या सभेत त्यांनी आजवर तोंड उघडलं नव्हतं. त्यांनी छाती भरून श्वास घेतला. लोकांना वाटलं, आता 'हं' येणार.

"मी त्यांना हाकत नव्हतो," नाना म्हणाले. "मी त्यांना जेवायला बोलावत होतो."

कुणाला काही कळेना. मग नानांनी तुटक तुटक सगळं सांगितलं. परात कशाची, ठेका कशाचा, दुपारी काय झालं. जाळी उचलताना वाजवा हे आपल्याला कुणी सांगितलं होतं, तेवढं मात्र त्यांनी सांगितलं नाही. "पक्ष्यांची चूक नाही. त्यांना आमंत्रण होतं," एवढं म्हणून ते थांबले. उभेच राहिले, कारण त्या गुडघ्याला पटकन बसता येत नव्हतं.

अक्का दारात उभी राहून आपल्या भावाकडे बघत होती. भाऊ आपल्या बुटांकडे बघत होता. मग तो खाकरला आणि म्हणाला, "वाजवायची वेळ मी ठरवून दिली होती."

सगळ्यांत जुना होडीवाला भिंतीला टेकून बसला होता. त्याचं नुकसान सगळ्यांत जास्त झालं होतं, म्हणून लोक त्याच्याकडे बघायला लागले. त्याचे खांदे हलत होते. आधी वाटलं, म्हातारा रडतोय. "म्हणजे आपण," त्याला धड बोलताही येईना, "म्हणजे आपण खुर्ची देऊन वाढपी नेमला होता." आणि मग सभा जी काय हसली, की खिडक्यांच्या काचा हलल्या. नानांचे कान लाल झाले. एकच माणूस हसला नाही, एक तरणा होडीवाला. तो म्हणाला, हसून जाळी भरणार आहेत का? त्याचंही खोटं नव्हतं.

त्याला उत्तर जुन्या होडीवाल्यानंच दिलं. डोळे पुसून म्हणाला, जो बोलावल्यावर येतो तो दुसरीकडे बोलावल्यावर दुसरीकडेही जाईल. बंदुकीच्या आवाजानं आपलीच मासळी तळाला जाते, ते वेगळंच. तळ्याच्या पार त्या टोकाला, जुन्या खाणीच्या खड्ड्यात, बारीक काटेरी मासा नुसता बुजबुजलाय. तो आपण धरत नाही, कुणी विकत घेत नाही. तिथं वाढू द्या नानांना. पुढच्या सभेपर्यंत बघू. नाहीच जमलं तर बंदूक कुठं पळून जात नाही.

हात वर झाले. तरण्यानं सगळ्यांच्या शेवटी, कोपर दुखत असल्यासारखा, पण केला.

दुसऱ्या दिवसापासून खुर्ची धक्क्यावरून उचलून खाणीच्या टोकाला नेली. होड्या जाळ्यांकडे निघायच्या आधीच नाना तिथं परात वाजवायचे. पहिल्या दिवशी पक्षी आले खरे, पण फसवणूक ओळखून निम्मे परत फिरले. मग अक्का शेडमधला टोचलेला, फाटका मासा पाटीत भरून द्यायला लागली. नाना परात वाजवून तो पाण्यात फेकायचे, त्यावर बारीक मासे वर यायचे आणि त्यांच्यावर पाणकावळे तुटून पडायचे. इकडं होडीवाले ओठाला ओठ लावून जाळी उचलायचे. शिंक आली तरी दाबायचे. सगळे पक्षी काही गेले नाहीत, थोडे लबाड जाळ्यांपाशी घुटमळतच राहिले, आणि विणीत खात्याची माणसं तेलाचे डबे घेऊन बेटावर चढली तेव्हा कुठं पुढच्या वर्षीची गर्दी आटोक्यात आली. पण पेट्यांत बर्फापेक्षा मासे जास्त दिसायला लागले. पुढच्या सभेत बंदुकीचा विषय निघालाच नाही. निघाली ती खुर्ची. तिच्या पाठीवरचं 'पक्षी निवारक' कुणीतरी खोडलं होतं आणि खाली वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, 'वाढपी'. सेक्रेटरीनं नवा रंग आणून पुसतो म्हटलं, तर नानाच म्हणाले, राहू दे, बरं आहे.

परात गेली ती कायमची कामावर गेली. अक्कानं नवी स्टीलची घेतली, पण तो ठेका ऐकून पक्षी गोंधळतील म्हणून ती वाजवत नव्हती. आता नानांना जेवायला बोलवायचं तर तिला तळ्याच्या काठानं चालत जावं लागायचं, आणि लांबूनच "अहो" म्हणावं लागायचं. सगळा संसारभर जिनं परातीआडून हाक मारली, तिला उघड्यावर "अहो" ओरडताना लाज वाटायची. धक्क्यावरच्या बायका तर तेवढ्यासाठी हातातलं काम थांबवायच्या.

म्हणून एकदा कंटाळून, घरी कोण बघतंय असं म्हणून, तिनं मागच्या दारात उभं राहून नव्या परातीवर उलथनं मारलं. टण्, टण-टण, टण्. नाना आले, लंगडत, आणि त्यांच्या डोक्यावरून सासरेबुवा आले. कपडे वाळत घालायच्या बांबूवर, नानांच्या सदऱ्याशेजारी बसले आणि पंख पसरून स्वयंपाकघरात नापसंतीनं बघायला लागले.

नानांनी हात वर करून म्हटलं, "हुश्."

"राहू द्या," अक्का आतून म्हणाली. "घरच्या माणसाला कुणी हुश् म्हणतं का?"